ओतेल द स्युली (पॅरिस) : मोजमाप, दगड आणि 'मूळ किती' याबद्दल प्रश्न

रेघोटी

नमस्कार मंडळी. वास्तुकलेच्या चौथ्या वर्षाच्या गटाचा सप्टेंबरात पॅरिस दौरा आहे. पॅरिसच्या मारे या जुन्या भागातलं ओतेल द स्युली मोजून रेखाटायचं काम गटाकडे आहे. (ओतेल पार्तिक्युलिए, म्हणजे सरदार-सावकारांचं शहरातलं राहतं घर. 'लॉज बुक केलं का' असं आधीच दोघांनी विचारून झालंय.) तयारीसाठी हे प्रश्न :

१. सतराव्या शतकातलं काय आणि नंतरचं काय, हे जागेवर कसं ओळखायचं?
२. फोटोंत एकाच भिंतीवर पांढरे, मधाळ आणि काळे दगड दिसतात. वेगवेगळ्या खाणींचे आहेत का?
३. मापं मेट्रिकमध्ये घेतली की आकडे विचित्र येतात असं ऐकलंय. जुनं एकक कोणतं धरावं?
४. शेजारच्या प्लास दे व्होज या मैदानाभोवतीच्या घरांची वीट खरी की रंगवलेली? दोन्ही वाचलंय.

चौकोनी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

पत्ता ६२, र्यु (म्हणजे रस्ता) सां-आंत्वान. मेट्रो १ नंबरच्या मार्गावर सां-पोल स्टेशनला उतरा. १६२४ ते १६३० च्या दरम्यान मेम गाले या सरकारी खजिन्यातल्या बड्या अधिकाऱ्यासाठी हे घर बांधलं गेलं. आराखडा जां आंद्रुए द्यु सेर्सोचा मानला जातो. १६३४ मध्ये ते फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याचा जुना मंत्री, स्युलीचा ड्यूक, याने विकत घेतलं. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता, आणि घराला नाव मात्र त्याचंच चिकटलं.

रचना चार टप्प्यांत वाचा. रस्त्याला लागून दोन उंच मंडप (पॅव्हिलियन, म्हणजे वेगळ्या छपराचे इमारतीचे भाग), त्यांच्यामध्ये बग्गी आत जाईल एवढी देवडी. मग फरसबंद चौक, दोन्ही हातांना पंख, म्हणजे चौकाच्या कडेने जाणारे इमारतीचे भाग. समोर मुख्य घर, त्याच्या मागे बाग. बागेच्या टोकाला नारंगीची झाडं हिवाळ्यात ठेवायची इमारत, म्हणजे ओरांजरी. 'चौक आणि बाग यांच्यामध्ये घर' हा या सगळ्या प्रकाराचा गाभा आहे : रस्त्याचा गोंगाट आणि शेण चौकाच्या अलीकडे राहतं, मालकाच्या खोल्या बागेकडे उघडतात. पुण्यातल्या वाड्याची सवय असेल तर चौक बघून फसाल. वाड्यात चौक हे घरातल्यांचं वावरण्याचं ठिकाण. इथला चौक पाहुण्याला मालकाची ऐपत दाखवण्यासाठी आहे. म्हणून कोरीवकामाचा बराचसा खर्च चौकाकडे तोंड केलेल्या भिंतींवर आहे.

पंखांवर चार महाभूतांच्या मूर्ती आहेत (आपल्या पाचांतलं आकाश त्यांच्या यादीत नाही). मुख्य घरावर चौकाच्या अंगाला शरद आणि हिवाळा, वसंत आणि उन्हाळा बघायला पलीकडे बागेत जावं लागतं. पायऱ्यांच्या दोन बाजूंना स्फिंक्स.

जिना घराच्या बरोबर मधोमध आहे. ही त्या काळातली जुनी पद्धत. थोड्याच वर्षांत पॅरिसमध्ये जिना कडेला सरकवायची चाल आली, कारण मधला जिना दालनांची सरळ रांग तोडतो. आराखड्यावर जिन्याची जागा बघून घराच्या वयाचा अंदाज बांधता येतो, पण तेवढ्यावरच विसंबू नका.

आता नंतरचं काय. बागेत उभं राहून घराकडे वळून बघा. उजव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला, बागेत पुढे आलेला भाग १६६० च्या सुमाराचा आहे. दुसऱ्या ड्यूकच्या काळात वास्तुकार फ्रांस्वा ल वोने तो वाढवला, डचेसची दालनं तिथे आहेत. पुढे घर भाड्याचं आणि दुकानांचं झालं. रस्त्याच्या बाजूला दोन मंडपांमध्ये, देवडीच्या वर, मजला चढवून मधली मोकळी जागा बुजवली होती. जुन्या फोटोंत ती भर दिसते. १९४४ मध्ये घर सरकारने घेतलं, आणि पुढच्या सुमारे तीन दशकांच्या कामात ती काढून टाकली. आज दिसतो तो रस्त्यावरचा देखणा तोल म्हणून विसाव्या शतकाने १६३० ला परत केलेला आहे. पत्रकावर 'मूळ दर्शनी भाग' असं सरसकट लिहू नका, गुण जातील.

दगडफूल

दुसरा प्रश्न. रंग वेगळे दिसतात त्याचं मुख्य कारण पाणी. खाण हे त्यानंतरचं.

पॅरिसचा बांधकामाचा दगड म्हणजे ल्युटेशियन चुनखडी, सुमारे ४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राचा गाळ. पूर्वी शहराच्या पोटातूनच काढत. नंतर उत्तरेला वाझ खोऱ्यातून, सां-मॅक्सिमॅं आणि सां-लॅच्या बाजूने आणू लागले. १० पट भिंग लावलं तर तिळाएवढे आणि त्याहून बारीक शंखजीव दिसतात, काही थरांत बोटभर लांबीच्या शंखांचे साचे.

एकाच खाणीत थर वेगळे, त्यांची कामंही वेगळी. 'लिए' हा घट्ट, बारीक कणांचा : पायऱ्या, उंबरे, फरशी. 'रोश' कठीण आणि शंखाळ : जोतं. 'व्हेर्जले', 'लांबूर्द' असे मऊ थर वरच्या भिंतीला आणि कोरीवकामाला. मऊ जातीत ३० टक्क्यांहून जास्त पोकळी असू शकते. आपल्या काळ्या पाषाणाच्या सवयीने बघणाऱ्याची इथेच गफलत होते. बेसॉल्टच्या भिंतीत पाणी जातं ते बहुतेक दर्जांतून (दोन दगडांमधल्या भरलेल्या सांध्यांतून). इथे दगड स्वतःच पाणी पितो आणि स्वतःच सुकतो.

आता काळा-पांढरा. पाऊस थेट लागतो तिथला पृष्ठभाग धुतला जातो, हळूहळू विरघळतो आणि पांढरा राहतो. कंगणीखाली (भिंतीतून पुढे आलेल्या आडव्या पट्टीखाली), मूर्तीच्या हनुवटीखाली, खिडकीच्या कोपऱ्यात पाऊस पोचत नाही. तिथे हवेतल्या गंधकाच्या वायूने चुनखडीचं जिप्सम होतं, त्यात काजळी अडकते आणि काळी खपली धरते. खपलीखालचा दगड बऱ्याचदा पिठासारखा झालेला असतो, त्यामुळे नुसती ओढून काढली तर नाक-डोळेही सोबत येतात. रेखाटनावर काळे डाग जसेच्या तसे उतरवा. तो पावसाचा नकाशाच आहे.

मधाळ रंग हा बराचसा वयाचा. ताजा कापलेला दगड फिकट असतो, म्हणून बदललेला तुकडा चटकन उठून दिसतो. दुरुस्ती ओळखायच्या खुणा :

– चौकोनी, धारदार कडेचा तुकडा, आजूबाजूपेक्षा सपाट. हा बसवलेला दगड, फ्रेंच पाथरवट त्याला 'बूशों' म्हणतात. खराब भाग निदान ८-१० सेंमी खोल खोदून, त्याच जातीचा दगड बसवून, मागे चुन्याची पातळ रबडी ओततात. दर्ज ३ ते ८ मिमी. तुकडा पातळ चिकटवला तर मागे पाणी साचतं आणि काही हिवाळ्यांत तो सुटतो.
– कडा धूसर, पृष्ठभाग रवाळ, शंख एकही नाही. हा दगडाच्या भुकटीचा आणि चुन्याचा लिंपलेला लेप. लहान खळगा बुजवायला ठीक, कंगणीची कड घडवायला नाही.
– करडा, गुळगुळीत, आजूबाजूचा दगड आत गेलेला आणि हा मात्र फुगून वर आल्यासारखा. हे सिमेंट.

सिमेंटचं वैर समजून घ्या, परीक्षेत हमखास विचारतात. सिमेंटची दर्ज दगडापेक्षा घट्ट. भिंतीतला ओलावा दर्जेतून सुकायचा तो आता दगडातून सुकतो. क्षारही दगडाच्या कडेला येऊन स्फटिक धरतात, शिवाय सिमेंट स्वतःचे अल्कली क्षार घालतं ते वेगळंच. लोणा लागून दगड झिजतो आणि दर्ज जाळीसारखी उभी राहते. दोष दर्जेचा, मार खातो दगड. बदलता येणारी वस्तू दर्ज आहे, म्हणून ती दगडापेक्षा मऊच असली पाहिजे.

आणखी दोन ठिकाणी नजर टाका. कोपऱ्यातला दगड आतून फुटल्यासारखा तडकला असेल तर आत लोखंडी पकड गंजलेली असते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा मागतो. पूर्वी अशा पकडी शिशात बसवत, आता स्टेनलेस स्टील वापरतात. दुसरं, थरांची दिशा. खाणीत दगड आडवा पडलेला असतो तसाच भिंतीत बसवायला हवा. उभा बसवला तर पुस्तकाची पानं सुटावीत तसे पापुद्रे निघतात. शंख आडवे झोपलेत का उभे आहेत, एवढं बघितलं तरी कळतं.

ओळंबा

तिसऱ्याचं उत्तर : पिए द्यु र्‍वा, म्हणजे राजाचा फूट. ६ पिएचा १ त्वाझ, १ पिएचे १२ पूस. पण इथे एक खोच आहे. सगळीकडे मिळणारा ३२.४८ सेंमी हा आकडा १६६८ च्या सुधारणेनंतरचा. त्याआधीचा पिए सुमारे ३२.६६ सेंमी. स्युलीचं घर १६२४-३० चं, म्हणजे जुना धरायचा. फरक किरकोळ वाटतो, पण १० त्वाझला जुन्या मापाने १९.६० मी येतात आणि नव्याने १९.४९. या ११ सेंमीमुळे 'पूर्ण त्वाझ' हातचा जातो आणि लोक उगाच सोनेरी गुणोत्तर शोधत बसतात. १६६० च्या सुमाराच्या पश्चिम भागालाही जुनाच लावून बघा.

मोजताना :

चौकाच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण घ्या. काटकोन गृहीत धरू नका. मारेतल्या जमिनींच्या हद्दी मध्ययुगीन आहेत आणि भिंती शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटून चालतात. या हद्दींचा टोकाचा खेळ बघायचा तर र्यु फ्रांस्वा-मिरोंवरचं ओतेल द बोव्हे बघा. आंत्वान ल पोत्रने वेड्यावाकड्या तुकड्यावर सममित चौक बसवला आणि सगळी वाकडी उरलेली जागा तबेले, जिने आणि कोठड्यांत जिरवली. आज तिथे अपिली प्रशासकीय न्यायालय आहे, त्यामुळे एरवी आत जाता येईलच असं नाही.

आडवी मापं एकाच शून्यापासून चढती घ्या : ०, १.४२, २.९७... तुकड्यातुकड्यांनी घेऊन बेरीज केली की प्रत्येक तुकड्याची चूक साठत जाते.

खिडकी दगडापासून दगडापर्यंत मोजा, लाकडी चौकटीपासून नको. चौकटी अनेकदा बदलल्या जातात. बारीक काचांची खिडकी दिसली म्हणजे ती जुनीच, असंही नाही; ती नंतर 'जुन्यासारखी' केलेली असू शकते.

उंचीसाठी दगडांचे थर मोजा आणि एक उभं माप लेसरने पडताळा. थरांची उंची सगळीकडे सारखी नसते, ती खाणीतल्या थरावर ठरते. म्हणून एक थर मोजून गुणाकार करू नका. उन्हात पांढऱ्या दगडावर लेसरचा ठिपका दिसत नाही, पोस्टकार्डाएवढा राखाडी पुठ्ठा जवळ ठेवा आणि सकाळी लवकर जा.

कंगोऱ्याचा छेद घ्यायला काड्यांचा फणी-गेज (आकार उतरवून घ्यायचं साधन) भिंतीला टेकवायचा मोह होतो. परवानगीशिवाय टेकवू नका. समोरून मोजपट्टी धरून फोटो आणि कडेने एक फोटो, यावर छेद बऱ्यापैकी निघतो. तिपाईसाठी आधी पत्र पाठवा. इमारतीत राष्ट्रीय स्मारक केंद्राचं मुख्य कार्यालय आहे, तेच मालकाच्या जागी. ड्रोनचं नावही काढू नका, पॅरिसवर खास परवान्याशिवाय बंदी आहे.

आणि छताला 'मान्सार छप्पर' लिहू नका. हे सरळ, उभ्या उताराचं स्लेटचं छप्पर आहे. मान्सार म्हणजे मोडका उतार : खाली जवळजवळ उभा, वर पसरट. तोसुद्धा वास्तुकार फ्रांस्वा मान्सारच्या आधीपासून होता, त्याने तो गाजवला.

गिलावा

चौथा प्रश्न. दोन्ही खरं.

प्लास दे व्होज, तेव्हाचं प्लास र्‍वायाल, चौथ्या हेन्रीने १६०५ मध्ये सुरू केलं, १६१२ मध्ये उद्घाटन झालं. ३६ मंडप, एकसारखा दर्शनी भाग. मागचं घर ज्याचं त्याने बांधायचं होतं. काहींनी खरी वीट लावली. काहींनी लाकडी सांगाडा किंवा रबल (अनघड दगडांची) भिंत उभारून वर तांबड्या रंगाचा प्लास्टर केला, त्यात दर्जांच्या रेघा ओढल्या आणि पांढऱ्याने भरल्या.

खालून ओळखायचं तर तडा शोधा. खऱ्या विटेत तडा बहुधा दर्जांतून पायऱ्या-पायऱ्यांनी जातो. खोट्यात तो वीट आणि दर्ज दोन्ही कापत बेफिकीर जातो, कारण दोन्ही एकच पृष्ठभाग. शिवाय खऱ्या विटांचा भाजणीप्रमाणे रंग बदलतो, काही विटा जांभळट असतात. रंगवलेल्यांचा रंग एकसुरी.

या प्लास्टरला स्वस्तातलं सोंग समजू नका. पॅरिसच्या आसपास त्याचा कच्चा माल, जिप्सम, मुबलक, मोंमार्त्रची टेकडीच त्याने पोखरली गेली. जिप्समच्या वजनात सुमारे २१ टक्के पाणी बांधलेलं असतं. आग लागली की ते वाफ होऊन उष्णता खातं आणि लाकूड उशिरा पेटतं. लंडनच्या १६६६ च्या आगीनंतर वर्षभरात पॅरिसमध्ये लाकडी सांगाडे प्लास्टरने झाकायचा हुकूम निघाला तो याचमुळे.

बाहेरच्या कामाचं रूढ प्रमाण : ३ भाग जाडसर प्लास्टर, १ भाग हवाई (हवेत घट्ट होणारा) चुना, १ भाग वाळू, सगळं घनफळाने. खाली ओकच्या पट्ट्या, मध्ये बोट न जाईल एवढी फट, म्हणजे माल आत शिरून पकड धरतो. प्लास्टर लोखंड गंजवतो, म्हणून खिळे जस्ताचा मुलामा दिलेले. यात सिमेंट मिसळलं की सल्फेट आणि सिमेंटमधलं ॲल्युमिनेट मिळून एट्रिंगाइटचे स्फटिक वाढतात, माल फुगतो आणि थरच्या थर गळून पडतो. 'थोडं सिमेंट टाकलं तर मजबुती येईल' हा सल्ला तिथल्या गवंड्यांनाही कोणीतरी देतंच.

जिप्सम पाण्यात थोडा विरघळतो, लिटरला सुमारे २ ग्रॅम. त्यामुळे प्रत्येक आडव्या पट्टीवर जस्ताची किंवा शिशाची टोपी आणि खाली पागोळीची खाच हवीच. खाच रंगाने बुजली की पाणी मागे वळून भिंतीवर उतरतं. बहुतेक वेळा बिघाड इथून सुरू होतो, प्लास्टरपासून नाही.

रेघोटी

सगळ्यांचे आभार, छेद पुन्हा काढावे लागणार. दोन शंका. काळी खपली वाळूच्या फवाऱ्याने साफ करतात का? आणि आतून काय बघायला मिळतं?

दगडफूल

वाळूचा फवारा नको. चुनखडीवर काळाने एक घट्ट साल येते, 'काल्सॅं' म्हणतात. फवाऱ्याने ती जाते आणि उघडा मऊ दगड आधीपेक्षा भराभर झिजतो. पॅरिसमध्ये १८५२ पासून दर्शनी भाग १० वर्षांतून एकदा साफ करायचा नियम आहे, त्यापायी पुष्कळ इमारतींची साल गेली.

क्रम साधारण असा : कोरडा ब्रश आणि व्हॅक्युम, मग पाण्याचं धुकं, थोडा थोडा वेळ, कारण जास्त पाणी आतल्या लोखंडापर्यंत पोचतं. थंडीच्या तोंडावर हे करत नाहीत, भिंतीतलं पाणी गोठतं. जिद्दी खपलीवर कागदाच्या लगद्याचा किंवा मातीचा ओला लेप. कोरीवकामावर बारीक भुकटीचा कमी दाबाचा फवारा किंवा लेसर. लेसरनंतर दगड पिवळसर दिसतो यावर जाणकारांत वाद आहे. आधी कोपऱ्यात हातभर जागेवर चाचणी, ती सुकल्यावर निर्णय.

चौकोनी

चौक आणि बाग दिवसा फुकट बघता येतात. मुख्य घरातल्या पुस्तकाच्या दुकानात जाच : वर सतराव्या शतकातला रंगवलेला कडीपाट आहे, तुळया आणि त्यांच्यातल्या कड्यांवर नक्षी. डचेसची दालनं एरवी बंद असतात. दौरा सप्टेंबरात आहे तर तिसरा शनिवार-रविवार गाठा, तेव्हा वारसा दिवस असतात आणि एरवी बंद असलेली दारं उघडतात. त्या दिवशी मापं घेणं मात्र विसरा, रांगा असतात.

कायद्याचं एक वाक्य अहवालात टाका : घर १८६२ पासून ऐतिहासिक स्मारकांच्या यादीत आहे, आणि १९६२ च्या मालरो कायद्याखाली १९६४ मध्ये मारेचा १२६ हेक्टरचा भाग संरक्षित झाला. त्याचा आराखडा नुसता दर्शनी भाग बघत नाही. जिने, शेकोट्या, लाकडी तावदानंही त्याच्या कक्षेत येतात. सुरुवातीच्या वर्षांत चौकात घुसलेल्या शेड आणि कारखाने काढून टाकायचा सपाटा होता. चौक मोकळे झाले, पण त्यांत काम करणारे कारागीरही गेले, ही टीका तेव्हापासून आजतागायत आहे.

बाहेर पडताना बागेच्या उत्तर टोकाला, ओरांजरीच्या उजव्या कोपऱ्यातल्या लहान दारातून जा. ते थेट प्लास दे व्होजच्या कमानींखाली उघडतं. डाव्या बाजूच्या मंडपांवर तडे शोधायला तिथूनच सुरुवात करा.